सवडीचा फुटबॉल

फुटबॉलचा सामना ९० मिनिटांचा असतो. मध्यंतराची १५ मिनिटे धरली आणि पंचांनी वाढवून दिलेला वेळ जोडला, तर पावणेदोन ते दोन तास सहज जातात. एवढा सलग वेळ माझ्या दिवसात सापडत नाही, आणि माझ्या ओळखीतल्या बहुतेक बायकांच्या दिवसातही तो सापडत नसावा. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत मी शिकवते. शाळा द्विशिक्षकी आहे, म्हणजे वर्ग चार आणि शिक्षक दोन; त्यांतल्या एकाला तालुक्याच्या बैठकीला बोलावले की उरलेल्याने चारही वर्ग सांभाळायचे. पोषण आहाराची नोंद, हजेरीची नोंद, ॲपवर चढवायचे फोटो, मतदारयादीचे काम. घरी आल्यावर स्वयंपाक, सासूबाईंच्या गोळ्या, दोन म्हशी, आणि कापसाच्या दिवसांत वेचणीच्या बायांचा किलोवारी हिशेब. आमच्या घरचे वेळापत्रक शेवटी विजेच्या हातात आहे. ज्या आठवड्यात कृषी पंपांची थ्री फेज लाइन रात्रीची असते, त्या आठवड्यात यजमान हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात असतात आणि मोटार सुरू झाल्याचा फोन येईपर्यंत घरात कुणालाच धड झोप लागत नाही.

अशा दिवसात फुटबॉल कुठे बसवता, असे शाळेतले सर मला विचारतात. तो बसतो, कारण मी खेळते तो फुटबॉल आळीपाळीने खेळायचा असतो. मी माझा डाव टाकायचा आणि उठून कामाला लागायचे. चेंडू जिथे ठेवला तिथेच राहतो, किंवा माझ्या सूचनांप्रमाणे माझ्याविना खेळला जातो. इंग्रजीत या प्रकाराला टर्न-बेस्ड म्हणतात आणि बुद्धिबळ हा त्याचा सर्वांना ठाऊक असलेला नमुना. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्या शाळेतही पटाची मागणी वाढली आहे. फुटबॉलसारखा धावपळीचा खेळ मात्र पटावर किंवा पडद्यावर थांबत थांबत खेळता येतो, हे सांगितल्यावर लोक अजूनही माझ्याकडे संशयाने पाहतात.

फुटबॉलची गोडी मला नागपुरात लागली. शिक्षणासाठी तिथे राहत असताना कामठीकडच्या मैत्रिणी होत्या आणि कामठीत फुटबॉल म्हणजे घरातल्या गप्पांचा विषय. विजय बारसे यांनी २००१ मध्ये नागपूरच्या झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला, त्याच्या गोष्टीही तिथेच ऐकल्या. लग्नानंतर या गावात आले तेव्हा इथे कबड्डी होती, व्हॉलीबॉल होता आणि क्रिकेट तर सगळीकडेच होते, फुटबॉल नव्हता. युरोपातले मोठे सामने आपल्याकडे मध्यरात्री लागतात आणि रात्री जागायचेच असेल तर त्याला घरात अधिक सबळ कारणे आहेत. पुण्याच्या एका कारखान्यात पाळीने काम करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने मला या सवडीच्या फुटबॉलकडे वळवले. त्याचीही अडचण तीच होती. फक्त त्याची वेळ पाळीने नेली होती आणि माझी घराने.

हा प्रकार काही नवा नाही. केव्हिन टॉम्स या ब्रिटिश प्रोग्रामरने १९८२ मध्ये 'फुटबॉल मॅनेजर' नावाचा खेळ विकायला काढला. त्यात संघ निवडायचा, खेळाडूंची खरेदी-विक्री करायची आणि मग निकाल पाहायचा. खोक्यावर टॉम्सचाच दाढीवाला हसरा चेहरा छापलेला असे. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या भावांचा 'चॅम्पियनशिप मॅनेजर' १९९२ मध्ये आला. पुढे प्रकाशकाशी फारकत झाल्यावर त्यांच्या कंपनीने, आपल्या मूळ खेळाचे नाव मागे ठेवून, २००४ पासून 'फुटबॉल मॅनेजर' याच नावाने खेळ काढायला सुरुवात केली. जपानमध्ये टेक्मो कंपनीने १९८८ मध्ये आणलेल्या 'कॅप्टन त्सुबासा' या खेळात तर चेंडू पायात असतानाच सामना थांबतो आणि समोर प्रतिस्पर्धी आला की विचारतो: हुलकावणी देणार, पास देणार की गोलवर मारणार? त्याही आधी, ब्रिटनमध्ये टपालाने पत्रे पाठवून फुटबॉलचे संघ चालवणारी मंडळी होती. संगणकाने या सगळ्याला वेग दिला. थांबण्याची कल्पना मात्र पूर्वीपासून तिथे होती.

मी ज्यात खरी रमले तो इंटरनेटवरचा खेळ 'हॅटट्रिक'; त्यात आपला संघ सांभाळायचा आणि इतर माणसांच्या संघांशी सामने खेळायचे. स्वीडनमध्ये ऑगस्ट १९९७ मध्ये तो सुरू झाला आणि आजही साध्या ब्राउझरमध्ये चालतो. त्याचे सगळे गणित आठवड्याचे आहे. एका गटात आठ संघ, प्रत्येकाशी दोनदा गाठ, म्हणजे लीगचे १४ सामने. हंगाम १६ आठवड्यांचा. लीगचा सामना आठवड्यातून एकच. सराव आठवड्यातून एकदाच नोंदला जातो, जमाखर्चही आठवड्यातून एकदाच. खेळाडूचे एक वर्ष ११२ दिवसांत पुरे होते, म्हणून आज संघात घेतलेला सतरा वर्षांचा पोरगा पुढच्या दिवाळीपर्यंत विशीत पोचतो. या घड्याळाला घाई करता येत नाही. विरजण लावलेल्या भांड्यात रात्रीतून कितीदाही डोकावले तरी दही आपल्या वेळेलाच लागते, तसे हे आहे. पैसे भरून सभासद झाले तर आकडेवारी, संघाचे चिन्ह अशा सोयी मिळतात. सामन्यात एका गोलाचाही फायदा मिळत नाही, आणि खेळ चालवणाऱ्यांनी हा नियम पहिल्यापासून पाळला आहे.

वेळ कमी लागतो म्हणून खेळ उथळ असेल, असे वाटण्याचे कारण नाही. संघाची ताकद सात ठिकाणी मोजली जाते: मधली फळी, बचावाचे डावे, मधले आणि उजवे अंग, आणि आक्रमणाची तशीच तीन अंगे. माझे डावे आक्रमण समोरच्याच्या उजव्या बचावावर आदळते. मधली फळी ज्याची भारी, त्याच्या वाट्याला गोलाच्या संधी अधिक येतात; मात्र संधीचे सोने होईल की माती, हे त्या त्या बाजूच्या आक्रमण-बचावावर ठरते. प्रतिस्पर्ध्याचे मागचे सामने उघडून पाहिले, त्याचा उजवा बचावपटू गेल्या आठवड्यात जायबंदी झालेला दिसला, की माझ्या डोक्यात चक्र सुरू होते. मधल्या फळीतला एक गडी डाव्या बाजूकडे झुकवावा का? झुकवला तर मध्य हलका पडेल, संधी कमी येतील. पण त्या कमकुवत बाजूने येतील त्यांचे सोने होण्याची शक्यता वाढेल. हा प्रश्न मी फोनवर सोडवत नाही. तो मी भाकरी थापताना, तिसरीच्या वर्गाला वजाबाकी देऊन चौथीच्या फळ्याकडे वळताना किंवा एसटीची वाट पाहत फाट्यावर उभी असताना सोडवते. फोनवर मांडणी बदलायला लागतात दोन-तीन मिनिटे.

हवामानाचा भाग मला विशेष आवडतो. प्रत्येक प्रदेशाचा आजचा आणि उद्याचा हवामान अंदाज या खेळात दिलेला असतो. काही खेळाडू अंगापिंडाने दणकट, काही पायांत कसब असलेले. पाऊस आला तर दणकटांना फायदा होण्याची शक्यता असते आणि कसबी गडी चिखलात फसू शकतात. कडक ऊन असले की याच्या उलट. आपल्याकडे अंदाज हुकल्यावर दुबार पेरणी करावी लागते. इथे फार तर एक सामना जातो. कदाचित म्हणूनच मला या अंदाजावर डाव लावायला मजा येत असावी.

यात पुढचे पाहण्याची एक खुबी आहे आणि ती चांगली खोल आहे. एखाद्या सामन्यात संघाला निवांत खेळा असे सांगता येते, किंवा जिवाची बाजी लावा असेही सांगता येते. निवांत खेळले की त्या दिवशी जोर कमी पडतो, पण संघाची उमेद वाढून पुढच्या आठवड्यांत कामी येते. बाजी लावली की उमेद एकदम खाली जाते आणि त्याची किंमत बरेच दिवस मोजावी लागते. सामन्यादरम्यान मी हजर नसणार, हे गृहीत धरून अटीच्या सूचनाही ठेवता येतात: साठाव्या मिनिटाला आपण मागे असलो तर अमक्याला काढून तमक्याला आत घ्या. मी या सूचना संध्याकाळी लिहून ठेवते. सामना चालू असताना मी बहुधा म्हशीपाशी असते. नंतर अहवाल वाचायचा, आणि तो निव्वळ मजकूर असतो: कितव्या मिनिटाला कोण कुठून शिरला, कुणाचा फटका खांबाला लागला. आमच्या वावरात मोबाइलची एखादी काडीच मिळते; तिथे चलत्चित्र उघडत नाही, पण हा अहवाल उघडतो. यजमानांना डबा द्यायला गेले असताना मी मोटारीच्या खोपटाबाहेर, पेटीवरच्या लाल दिव्याच्या उजेडात उभी राहून तो वाचते. ते विचारतात, "जिकली काय वं तुही टीम?" आणि उत्तर ऐकायच्या आत पाणी कोणत्या सरीला गेले ते बघायला निघून जातात.

दुसरी जात या खेळांची अशी, की ज्यांना घड्याळच नाही. 'फुटबॉल, टॅक्टिक्स अँड ग्लोरी' हा युक्रेनमधल्या क्रिओटीमचा २०१८ चा खेळ माझ्या जुन्या लॅपटॉपवर आहे. मैदान चौकटींत विभागलेले, आणि एका वेळी तीन चाली आपल्या हातात. पास, हुलकावणी, फटका यांत त्या तीन चाली कशा वाटायच्या, यात सगळी कला. समोरच्याचा बचाव आपल्या गड्याच्या कसबापेक्षा वरचढ असेल तर हुलकावणी फसण्याची शक्यता अधिक. पण नशिबाचा हातही असतो, म्हणून दुबळा गडीही कधी चमकून जातो. दोन चाली संपल्या, तिसरी उरली, फटका लांबून पडतो आहे; मारावा, की चेंडू सुरक्षित ठेवून समोरच्याला खेळू द्यावे? या प्रश्नापाशी मी लॅपटॉप मिटून रात्रीच्या भाकऱ्या केल्या आहेत आणि सकाळी शाळेला जाण्याआधी तोच प्रश्न तसाच पुढे घेतला आहे. प्रतिस्पर्धी यंत्र आहे, त्याला राग येत नाही. सोबतीला दुसरे माणूस नसते, एवढेच त्यात उणे. निकाल कुणाला सांगावा, असा कुणी समोर नसतो.

तिसऱ्या जातीबद्दल मात्र मला तक्रार आहे. मोबाइलवर मिळणारे फुटबॉल व्यवस्थापनाचे अनेक खेळ आपल्याला सवडीचेच म्हणवून घेतात: रोज थोडा वेळ द्या, बाकी आम्ही पाहतो. असाच एक खेळ मी काही काळ फोनवर ठेवला होता. त्याचे नाव घेण्याची गरज नाही, कारण त्याच्यासारखे पुष्कळ आहेत. त्यात खेळाडू दमतात आणि विश्रांतीला तास लागतात. थांबायचे नसेल तर नाणी खर्चा, नाणी संपली तर विकत घ्या, किंवा जाहिरात पाहा. दुखापत बरी व्हायला दिवस लागतात, तिथेही तेच. परिपाठ चालू असताना फोन थरथरतो की तुमचा गोलरक्षक तुमची वाट पाहतो आहे. डावांमधले अंतर इथेही आहे, पण ते माझे राहिलेले नाही. ते दुकानात मांडलेले आहे. हॅटट्रिकमध्ये मी आठवडाभर थांबते तेव्हा माझा प्रतिस्पर्धीही तितकाच थांबतो. या तिसऱ्या प्रकारात ज्याच्या खिशात पैसा तो थांबत नाही आणि बाकीच्यांना मात्र थांबल्याची टोचणी लागते. खेळ एका बैठकीत किती मिनिटे मागतो, हा माझ्या मते गौण प्रश्न आहे. मी फोन खाली ठेवल्यावर तो मला खरोखर सोडतो का, हे मी पाहते. दिवसाला पाचच मिनिटे मागणारा खेळ दिवसभर मनाच्या दाराशी उभा राहत असेल, तर तो माझ्या कामाचा नाही; आणि महिनाभर न उघडलेला लॅपटॉपवरचा सामना जागच्या जागी सापडत असेल, तर तो लांबला तरी चालतो.

आमच्या गावातल्या पारावर याहून वाईट प्रकार होता. क्रिकेटचे संघ लावून त्यावर पैसे लावणारी पोरे मी पाहिली आहेत, त्यांतली काही माझीच माजी विद्यार्थी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा त्यांच्या आयांना झालेला आनंद मी ऐकला आहे. संघ निवडणे, अंदाज बांधणे, निकालाची वाट पाहणे हा सगळा भाग त्या खेळांतही होता. म्हणूनच मुले त्यात ओढली गेली. त्या ओढीला पैशाविना वाट करून देता येते, असे मला वाटते, आणि त्यासाठी फोनही लागत नाही.

कारण या प्रकारातला मला सर्वांत देखणा वाटणारा खेळ गणिताच्या चौकटीच्या वहीवर खेळता येतो. पोलंडमध्ये आणि युरोपात इतरत्र मुले तो वर्षानुवर्षे खेळत आली आहेत. पावसाळ्यात आमच्या शाळेचे पटांगण म्हणजे काळ्या मातीचा राडा. चप्पल रुतली की हातानेच काढावी लागते. तेव्हा मी चौथीच्या मुलांना हा खेळ शिकवला. वहीवर आठ चौकटी रुंद आणि दहा चौकटी लांब असे मैदान आखायचे, दोन्ही टोकांना मधोमध दोन चौकटींचा गोल. बरोबर मध्यबिंदूवर चेंडू. दोघांनी आळीपाळीने रेघ ओढून चेंडू शेजारच्या बिंदूवर न्यायचा: उभा, आडवा किंवा तिरपा, आठांपैकी कुठल्याही दिशेला. एकदा ओढलेल्या रेघेवरून पुन्हा जायचे नाही, आणि कडेच्या रेघेवरूनही सरकायचे नाही. खरी गंमत पुढच्या नियमात आहे. चेंडू जर आधी रेघ पोचलेल्या बिंदूवर आला किंवा कडेला लागला, तर तो उसळतो आणि त्याच खेळाडूला आणखी एक चाल मिळते. तिथूनही तो अशाच बिंदूवर गेला तर आणखी एक. ज्याची चाल अडकून पडली, पुढे जायला वाटच उरली नाही, तो हरला.

सुरुवातीला मैदान मोकळे असते आणि मुले भराभर गोलाकडे रेघा ओढतात. पाच-सात डावांनंतर मधल्या भागात रेघांचे जाळे होते, आणि मग चाल करायला बसलेले पोर एकदम गप्प होते. एक मुलगी पेन्सिलचे टोक कागदाला न लावता हवेतच फिरवून पाहत होती: इथून इथे, उसळी, मग कडेला, उसळी, मग तिरपे. तिच्या समोरचा मुलगा अधीर झाला. "मॅडम, इले सांगा ना लवकर खेळाले!" मी सांगितले नाही. घंटा झाली. दोघांनी वही तशीच मिटून दप्तरात घातली, आणि दुसऱ्या दिवशी पोषण आहाराची ताटे धुऊन झाल्यावर ती येऊन बसली आणि तीन उसळ्या घेऊन तिने गोल केला. घरी रात्रभर काय विचार केला ते तिला विचारले, तर म्हणाली, "विचार नाही केला मॅडम, वेचणीले गेली होती आईसंग सकाळी, तवा दिसलं." ही चाल तिला वहीसमोर बसून सापडली नव्हती.

हे खरे फुटबॉल नव्हे, हे मला मान्य आहे. पावसात मैदानावर घसरून पडण्याची, छाती भरून धाप लागण्याची सर कुठल्याच पडद्याला किंवा वहीला येणार नाही, आणि पटांगण वाळले की मी मुलांना बाहेरच काढते. पण शाळेतले सर जेव्हा याला नुसता हिशेबाचा खेळ म्हणतात, तेव्हा ते मला पटत नाही. पास कुठे द्यायचा, मागे किती माणसे ठेवायची, आज हरून पुढे जिंकायचे का, हे प्रश्न मैदानावर उभ्या असलेल्या प्रशिक्षकालाही पडतात. त्याला ते क्षणात सोडवावे लागतात. मला त्यासाठी आठवडा मिळतो. माझ्यासारख्या बाईला प्रशिक्षक होण्याची दुसरी कुठली संधी मिळणार होती, हेही लक्षात घ्यावे.

भावाने अलीकडे नवा 'फुटबॉल मॅनेजर' घेतला. २०२५ ची आवृत्ती त्या कंपनीने रद्द केली होती, त्यामुळे नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या या खेळाची त्याने फार वाट पाहिली. खेळ भव्य आहे, आणि पुढे जाण्याचे बटण दाबेपर्यंत तोही थांबतो. पण दर दाबण्याला इतके निरोप, इतक्या बैठका आणि इतके अहवाल पुढ्यात येतात की रात्रपाळी करून आलेल्या माणसाने ते कधी वाचायचे? तो अजून हंगामपूर्व सरावातच अडकला आहे. हॅटट्रिकमधला संघ त्याने सोडलेला नाही. चषकातून बाहेर पडलेल्या संघांना आठवड्याच्या मध्यावर मैत्रीचे सामने खेळता येतात आणि राखीव पोरांना त्यातून सराव मिळतो. आम्ही दोघेही चषकातून लवकरच बाहेर पडतो, म्हणून आमची गाठ वरचेवर पडते. परवा जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन आला. "ताई, त्या सतरा वर्षांच्या पोट्ट्याले इकू नको वं, दोन हंगाम थांब," असा सल्ला त्याने दिला. या बुधवारी त्या पोट्ट्याला मी कुठे खेळवणार आहे, हेही त्याने सहज विचारल्यासारखे विचारले. वर्गात गलका वाढला आहे असे सांगून मी फोन ठेवला.